विश्लेषण : परदेशातील पहिल्या सहलीसाठी स्वस्त अपार्टमेंट निवडताना काय पाहावे?

अंबरनाथ, बदलापूरमधील नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते : 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर'. ही पाच मिनिटे चालत आहेत, रिक्षाने आहेत की मोकळ्या रस्त्यावर दुचाकीने, हे पाहिल्याशिवाय येथे सहसा कोणी टोकन देत नाही. ओसी मिळाली का, महारेरा क्रमांक कोणता, उल्हास नदीची पूररेषा कुठून जाते, हेही विचारले जाते. मात्र दुबई किंवा बँकॉकच्या पहिल्या सहलीसाठी चार-पाच दिवसांचे घर घेताना अनेकदा फक्त फोटो आणि एका रात्रीचे भाडे पाहून पैसे भरले जातात. घर पसंत पडले नाही तर एक वेळ चालून जाते. पण ते घर पर्यटकांना देण्याची परवानगीच नसेल, तर परक्या शहरात मुले आणि बॅगा घेऊन रात्री रस्त्यावर उभे राहण्याची वेळ येऊ शकते. हे टाळण्यासाठी काय तपासावे, याचा आढावा.

अपार्टमेंट की हॉटेल : कोणाला काय परवडते?

अपार्टमेंट स्वस्त पडते हे सरसकट खरे नाही. हॉटेलमध्ये चार जणांसाठी बहुतेक वेळा दोन खोल्या घ्याव्या लागतात. एक बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघर असलेल्या घरात तेच चौघे राहू शकतात. सकाळचा नाश्ता आणि एक वेळचे जेवण घरी झाले, तर खर्च आणखी कमी होतो. लहान मुले, पथ्य असलेले आजी-आजोबा किंवा पूर्ण शाकाहारी कुटुंब असेल, तर स्वयंपाकघराची खरी किंमत कळते.

याउलट दोघेच जण तीन रात्रींसाठी जात असतील, तर हॉटेल बरे. कारण अपार्टमेंटच्या बिलात साफसफाईचे शुल्क एकदाच, पण ठोक आकारले जाते. पाच-सहा रात्रींवर ते विभागले जाते, दोन रात्रींच्या मुक्कामात मात्र तेच शुल्क भाड्याच्या बरोबरीला येऊ शकते. शिवाय हॉटेलमध्ये चोवीस तास स्वागतकक्ष असतो. विमानाला उशीर झाला, किल्ली हरवली, कोणी आजारी पडले, तर विचारायला समोर माणूस असतो. पहिल्या सहलीत याचे मोल कमी नाही. ढोबळ हिशेब असा : चार किंवा अधिक माणसे आणि किमान चार रात्री असतील तर अपार्टमेंट पाहावे, अन्यथा आधी हॉटेलचे दर तपासावेत.

भाडे कमी दिसते, मग बिल जास्त का येते?

एक उदाहरण घेऊ. बदलापूरचे चार जणांचे कुटुंब पाच रात्रींसाठी दुबईला निघाले आहे. आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. पहिल्या घराचे भाडे रात्रीला ४,५०० रुपये, म्हणजे पाच रात्रींचे २२,५०० रुपये. त्यावर साफसफाई ४,५००, संकेतस्थळाचे सेवाशुल्क ३,००० आणि स्थानिक पर्यटन शुल्क १,२०० रुपये. एकूण ३१,२०० रुपये. पण घर मेट्रोपासून लांब आहे आणि रोज सकाळ-संध्याकाळ टॅक्सीला १,५०० रुपये लागतात. पाच दिवसांचे ७,५०० रुपये धरले, की खर्च ३८,७०० रुपयांवर जातो.

दुसऱ्या घराचे भाडे रात्रीला ५,८०० रुपये, म्हणजे २९,००० रुपये. साफसफाई २,०००, सेवाशुल्क ३,५००, पर्यटन शुल्क १,२००. एकूण ३५,७०० रुपये, आणि मेट्रो स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर. रात्रीला १,३०० रुपयांनी महाग दिसणारे घर शेवटी ३,००० रुपयांनी स्वस्त पडले. टॅक्सीची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला तो वेगळा.

म्हणून तुलना करताना पाचही गोष्टी एका कागदावर मांडाव्यात : भाडे, साफसफाई, सेवाशुल्क, कर आणि रोजचा प्रवास. एअरबीएनबीने एप्रिल २०२५ पासून शोध घेतानाच शुल्कासह एकूण रक्कम दाखवण्यास सुरुवात केली. तरीही स्थानिक कर आणि अनामत रक्कम काही ठिकाणी घर ताब्यात घेताना वेगळी मागितली जाते. ती किती, रोख की कार्डवर आणि परत कधी मिळणार, हे आधीच लेखी विचारावे.

'स्टेशनपासून पाच मिनिटे' कशी तपासायची?

सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवरच्या बदलापूरहून रोज लोकल पकडणाऱ्याला स्थानकाजवळच्या घराचे महत्त्व सांगावे लागत नाही. परदेशातही कसोटी तीच आहे. बहुतेक संकेतस्थळे पैसे भरेपर्यंत घराचा नेमका पत्ता देत नाहीत, नकाशावर फक्त एक गोल दाखवतात. अशा वेळी इमारतीचे नाव किंवा जवळची खूण मालकाला विचारावी आणि नकाशावर स्थानकापासूनचे अंतर 'चालत' हा पर्याय निवडून पाहावे. सरळ रेषेतले अंतर फसवे असते. मध्ये आठ पदरी रस्ता असेल आणि पादचारी पूल लांब असेल, तर ३०० मीटरचे एक किलोमीटर होते. रस्त्यावरील दृश्य दाखवणारी सोय नकाशात असेल, तर स्थानकापासून इमारतीपर्यंतचा रस्ता एकदा 'चालून' बघावा. पदपथ आहे का, रात्री कोणती दुकाने उघडी असतात, याचा अंदाज येतो.

ऋतूही पाहावा. दुबईत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर असतो. मे महिन्याच्या सुट्टीत तेथे १२ मिनिटे चालणे हिवाळ्यातल्या १२ मिनिटांसारखे नसते.

दुबई मेट्रोची रेड लाइन विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ ला जोडलेली आहे. बुरजुमान स्थानकात रेड आणि ग्रीन लाइन एकत्र येतात. बर दुबई आणि करामा भागात भारतीय खाणावळी, किराणा दुकाने आणि तुलनेने कमी भाड्याची घरे आहेत. मात्र मेट्रो रात्रभर चालत नाही. मध्यरात्री उतरणाऱ्या विमानाने जाणार असाल, तर पहिल्या रात्रीच्या टॅक्सीचे पैसे हिशेबात धरावेत.

बँकॉकमध्ये सुवर्णभूमी विमानतळावरून निघणारी रेल्वे फाया थाई स्थानकात संपते. तेथेच शहरातील बीटीएस ही उन्नत रेल्वे मिळते. त्यामुळे या स्थानकाच्या आसपास राहणे बॅगा घेऊन येणाऱ्या कुटुंबाला सोयीचे. नाना स्थानकही नकाशावर मोक्याचे दिसते, पण तो भाग रात्रीच्या बारसाठी ओळखला जातो. नकाशा ही माहिती देत नाही, राहून गेलेल्यांचे अभिप्राय देतात.

क्वालालंपूरचा मुख्य विमानतळ शहरातील केएल सेंट्रल स्थानकापासून ५७ किलोमीटरवर आहे, साधारण सीएसएमटी ते उल्हासनगर एवढा. एक्स्प्रेस रेल्वे हे अंतर २८ मिनिटांत कापते. तिकीट माणशी ५५ रिंगिट असल्याने चौघांसाठी ॲपवरची टॅक्सी अनेकदा स्वस्त पडते. केएल सेंट्रलला लागूनच ब्रिकफील्ड्स हा भारतीय वस्तीचा भाग आहे.

दुबईत परवाना कसा ओळखायचा?

दुबईत पर्यटकांना भाड्याने देण्याच्या घरांसाठी २०१३ चा ४१ क्रमांकाचा स्वतंत्र आदेश आहे. अशा प्रत्येक घराला तेथील अर्थ आणि पर्यटन विभागाचा परवाना लागतो. घरे 'स्टँडर्ड' आणि 'डिलक्स' अशा दोन वर्गांत मोडतात आणि प्रत्येक बेडरूममागे रात्रीला अनुक्रमे १० आणि १५ दिरहम 'टुरिझम दिरहम' आकारला जातो. पाहुण्यांची नोंद करण्यासाठी पासपोर्टची प्रत मागितली जाते. ही मागणी संशयास्पद नाही. उलट परवाना क्रमांक न देणारा आणि पासपोर्टही न मागणारा मालक संशयास्पद मानावा.

उल्हासनगरमधील अनेक सिंधी कुटुंबांचे नातेवाईक दुबईत व्यापारात आहेत. त्यांच्याकडून परिसराची खरी माहिती मिळते आणि कोणी प्रत्यक्ष इमारत पाहून आले तर उत्तमच. नातेवाइकाच्या घरी पाहुणा म्हणून उतरणे वेगळे. पण 'ओळखीतला फ्लॅट आहे, पैसे थेट द्या' असा प्रस्ताव आला, तर त्यालाही परवान्याचा प्रश्न विचारलाच पाहिजे. ओळख असली म्हणून नियम बदलत नाही.

बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूरमध्ये नियम काय?

थायलंडमध्ये २००४ च्या हॉटेल कायद्यानुसार ३० दिवसांपेक्षा कमी काळासाठी घर भाड्याने देणे हा हॉटेल व्यवसाय ठरतो आणि त्याला परवाना लागतो. छोट्या निवासांना काही सवलत आहे. पण बँकॉकच्या उंच इमारतींमधील सुटे फ्लॅट बऱ्याचदा या चौकटीत बसत नाहीत. अनेक इमारतींच्या प्रवेशद्वाराशीच दिवसावर भाड्याने देण्यास मनाई असल्याचे फलक असतात. हॉटेलचा परवाना असलेले सर्व्हिस्ड अपार्टमेंट हा येथे सुरक्षित पर्याय. त्यात स्वयंपाकाची सोय आणि स्वागतकक्ष, दोन्ही मिळते.

मलेशियात सरसकट बंदी नाही, मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये माँ कियारा भागातील एका इमारतीच्या खटल्यात, इमारतीचे व्यवस्थापन अल्पकालीन भाड्यावर बंदी घालू शकते, असा निर्णय दिला. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत, 'सोसायटीची परवानगी आहे का' हा प्रश्न तेथे कळीचा आहे. परदेशी पर्यटकांकडून खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन करही घेतला जातो.

सिंगापूरचे उत्तर सर्वांत सोपे आहे : पर्यटकाने सुटा फ्लॅट घेऊच नये. तेथे खासगी निवासी घर किमान सलग तीन महिन्यांसाठी, तर सरकारी गृहनिर्माण मंडळाचे घर किमान सहा महिन्यांसाठीच भाड्याने देता येते. नियम मोडून घरे दिल्याबद्दल २०१८ मध्ये दोघांना प्रत्येकी ६० हजार सिंगापूर डॉलरचा दंड झाला. चार दिवसांसाठी स्वस्त फ्लॅट उपलब्ध असल्याची जाहिरात दिसली, तर ती पुढे सरकवावी. लिटल इंडिया किंवा फॅरर पार्क स्थानकाजवळचे परवानाधारक हॉटेल पाहावे.

पुढे युरोपचा विचार असेल, तर तेथेही चौकट घट्ट होत आहे. पॅरिसमध्ये जाहिरातीत नोंदणी क्रमांक बंधनकारक आहे. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये शहरातील सर्व १०,१०१ पर्यटक अपार्टमेंटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याची घोषणा केली.

मालकाने नियम मोडला, तर पर्यटकाचे काय बिघडते?

अशा प्रकरणांत कारवाईचा रोख मुख्यतः घर देणाऱ्यावर असतो. पर्यटकाचे नुकसान वेगळ्या प्रकारे होते. सुरक्षारक्षक आत सोडत नाही, लिफ्टचे कार्ड चालत नाही, शेजारी तक्रार करतात किंवा मालक ऐन वेळी आरक्षण रद्द करतो. पैसे परत मिळाले तरी त्याच रात्री चौघांसाठी नवी खोली शोधावी लागते, तीही त्या दिवशीच्या दराने. ज्या बचतीसाठी अपार्टमेंट घेतले, ती एका रात्रीत संपते.

परवान्याचा अभाव ओळखण्याच्या काही खुणा आहेत. 'रक्षकाने विचारले तर मित्राकडे आलो म्हणून सांगा' असा निरोप, किल्ली इमारतीबाहेरच्या पेटीत किंवा दुकानात ठेवण्याची पद्धत, स्वागतकक्षाशी न बोलण्याची सूचना, जाहिरातीत इमारतीच्या बाहेरचा एकही फोटो नसणे. यातील एखादी बाब दिसली, तरी दुसरे घर पाहावे.

कागद नसलेल्या बांधकामाचा अर्थ उल्हासनगरला नव्याने सांगण्याची गरज नाही. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी या शहरापुरता वेगळा कायदा २००६ मध्ये करावा लागला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. 'सगळे राहतात, काही होत नाही' हे उत्तर किती महाग पडते, हे येथील माणूस जाणतो. परदेशातील पाच रात्रींसाठीही ते उत्तर मान्य करू नये.

घरात काय तपासावे?

'चार जण झोपू शकतात' याचा अर्थ दोन बेडरूम असा नसतो. त्यातले दोघे हॉलमधल्या सोफ्यावर असू शकतात. 'स्टुडिओ' म्हणजे एकाच खोलीत पलंग आणि ओटा. पलंग किती, कोणत्या खोलीत, हे वाचावे. आरक्षण करताना लहान मुलांसह सर्वांची संख्या खरी लिहावी. कमी दाखवल्यास दारात जादा पैसे मागितले जाऊ शकतात किंवा प्रवेश नाकारला जाऊ शकतो.

ज्येष्ठ सोबत असतील तर लिफ्ट आणि पायऱ्यांची चौकशी करावी. स्वयंपाकघराच्या फोटोत शेगडी दिसते की फक्त मायक्रोवेव्ह, भांडी किती, वॉशिंग मशीन आहे का, वातानुकूलनाचे वीजबिल भाड्यात धरले आहे का, हे पाहावे. सिंगापूरमध्ये नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, बँकॉकमध्ये बाटलीबंद पाण्याचा खर्च धरावा लागतो.

घरचे पीठ-मसाले बांधताना एक काळजी घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे. दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी अनारसे आणि खसखस घातलेला मसाला घरीच ठेवावा. काही औषधांवरही तेथे निर्बंध असल्याने डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी आणि यादी आधी तपासावी.

अभिप्राय वाचताना सरासरी गुणांपेक्षा मजकूर महत्त्वाचा. सर्वांत नवे आणि सर्वांत कमी गुणांचे अभिप्राय आधी वाचावेत. आवाज, वास, गरम पाणी, रात्रीचा प्रवेश याबद्दल तीच तक्रार तीन वेगवेगळ्या लोकांनी केली असेल, तर ती खरी समजावी. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घरांच्या आत कॅमेरे लावण्यास बंदी घातली आहे. आत कॅमेरा दिसल्यास फोटो काढून लगेच तक्रार करावी.

पैसे कधी आणि कसे भरायचे?

क्रम महत्त्वाचा. आधी पासपोर्टची मुदत पाहावी. अनेक देशांना प्रवेशाच्या वेळी किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. नंतर व्हिसा. तो हातात येईपर्यंत मोफत रद्द करता येणारे आरक्षणच घ्यावे, मग ते थोडे महाग का असेना. व्हिसा नाकारला गेला, तर परत न मिळणाऱ्या आरक्षणाची सवलत सर्वांत महाग पडते. व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा द्यायचा असल्यास सर्व प्रवाशांची नावे पासपोर्टप्रमाणे आरक्षणावर असावीत. थायलंड आणि मलेशियाने अलीकडे भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेश दिला असला, तरी मुदती बदलत राहतात. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच खात्री करावी. या दोन्ही देशांसह सिंगापूरच्या ऑनलाइन आगमन अर्जातही मुक्कामाचा पत्ता लिहावा लागतो.

रद्द करण्याची अंतिम तारीख आणि वेळ नीट पाहावी. ती बहुधा घर ज्या शहरात आहे तेथील वेळेनुसार असते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवी कार्डे परदेशी व्यवहारांसाठी बंदच दिली जातात. निघण्याआधी ही सोय बँकेच्या ॲपमधून सुरू करून मर्यादा ठरवावी. परदेशात यंत्राने 'रुपयांत की स्थानिक चलनात' असे विचारल्यास स्थानिक चलन निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात विनिमय दर सहसा वाईट लावला जातो.

मालकाने व्हॉट्सॲपवर येऊन 'संकेतस्थळाबाहेर पैसे दिल्यास दहा टक्के सवलत' सांगितली, तर बोलणे तेथेच थांबवावे. पैसे बाहेरून दिले की संकेतस्थळाचे संरक्षण संपते. फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेकडे तक्रार नोंदवावी.

पोहोचण्याच्या दिवशी काय होते?

रात्री एकला मुंबईहून निघालेले विमान सव्वाचार तासांत बँकॉकला उतरले, तर तेथे सकाळचे पावणेसात वाजलेले असतात. घर मात्र बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीननंतर मिळते. मधल्या सात-आठ तासांत बॅगा कुठे ठेवायच्या, हे आरक्षणाआधीच मालकाला विचारावे. परतीच्या दिवशीही तोच प्रश्न येतो : घर सकाळी अकराला सोडायचे आणि विमान रात्रीचे.

पत्ता इंग्रजीत आणि स्थानिक लिपीत, मालकाचा दूरध्वनी आणि आरक्षणाची प्रत कागदावर छापून न्यावी. उतरल्यावर इंटरनेट चालेलच असे नाही. घरात शिरल्याबरोबर, बॅगा उघडण्याआधी, सर्व खोल्यांचा छोटा व्हिडीओ काढावा. आधीच फुटलेल्या वस्तूचे पैसे अनामत रकमेतून कापले जाऊ नयेत, यासाठी तो उपयोगी पडतो. काही गडबड असेल तर संकेतस्थळावरच लेखी कळवावे. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत तक्रार करावी लागते.

पैसे भरण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर असली पाहिजेत : परवाना आहे का, स्थानक चालत किती मिनिटांवर, सर्व धरून एकूण किती रुपये आणि कोणत्या तारखेपर्यंत रद्द करता येईल. यांतील एकाचेही उत्तर मालक देत नसेल, तर फोटो कितीही सुंदर असले तरी ते घर सोडून द्यावे. टोकन देण्याआधी बिल्डरला विचारतात तेवढेच हे प्रश्न आहेत, आणि ते विचारण्याची सवय या पट्ट्यातील लोकांना आधीपासूनच आहे.